जुनी गाडी, जास्त रनिंग आणि सिंथेटिक ऑइल : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

सिंथेटिक इंजिन ऑइलबद्दल (कारखान्यात जास्त प्रक्रिया करून केलेलं ते सिंथेटिक, क्रूड तेलापासून केलेलं साधं ते मिनरल) बरेच प्रश्न साचले होते, त्यातले एकमेकांसारखे वाटणारे बाजूला काढून बाकीचे घेतलेत. उत्तरं कुठे मोठी झालीत, कुठे दोन ओळींत संपलीत.

प्रश्न : २००८ ची वॅगन आर आहे, १ लाख ३५ हजार चाललीय. आत्तापर्यंत साधं मिनरल ऑइलच टाकत आलो. आमचा मेकॅनिक म्हणतो की जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकलं की सील (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या) जातात आणि गाडी सगळीकडून गळते. खरं आहे का? (सातारा)

मेकॅनिकने तसं झालेलं बघितलं असणार, त्यामुळे त्याला खोटं ठरवायची गरज नाही, पण कारण वेगळं आहे. १९७० च्या दशकात जी सिंथेटिक ऑइल्स बाजारात आली त्यातल्या पीएओ नावाच्या मूळ तेलाने रबर थोडं आकसायचं, सीलची पकड सैल व्हायची आणि गळती व्हायची, तिथून हे बोलणं सुरू झालं. पुढे कंपन्यांनी त्यात रबर किंचित फुगवणारी एस्टर वगैरे रसायनं घालून हिशोब बरोबर केला. आणि आज दुकानात फुल सिंथेटिक म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं तर क्रूड तेलावरच जास्त प्रक्रिया करून केलेलं असतं, ते सील खातं वगैरे काही नाही.

मग गळतं का? दीड-दोन दशकं उष्णता खाऊन सील कडक झालेलं असतं, त्याला बारीक चिरा पडलेल्या असतात आणि त्या चिरांमध्ये काळा गाळ बसून भोक बुजलेलं असतं. नवीन ऑइलमधलं डिटर्जंट तो गाळ धुतं आणि ऑइल बाहेर येतं. म्हणजे सील आधीच गेलेलं होतं, आता फक्त दिसलं.

म्हणून आधी इंजिन बघा. ऑइल भरायचं झाकण काढून टॉर्चने आत बघा. आत चहासारखा तपकिरी रंग चढलाय पण धातू दिसतोय तर काळजी नाही, सरळ सिंथेटिकवर या. पण आत डांबरासारखा चिकट थर असेल तर घाई करू नका आणि कृपा करून कोणी फ्लशिंग (रसायन घालून इंजिन आतून धुणं) करून देतो म्हटलं तरी करू नका, कारण थराचे तुकडे एकदम सुटले तर चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या जाळीत अडकतात, ऑइल वर चढत नाही आणि मग इंजिनच बसतं. अशा गाडीला चांगल्या कंपनीचं साधं ऑइल टाका, अडीच-तीन हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदला, असं दोनदा करा, गाळ हळूहळू निघतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि इंजिनातला वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तेव्हाच बघून घ्या. पीसीव्ही चोंदला की चेंबरमध्ये प्रेशर वाढतं आणि चांगल्या सीलमधूनसुद्धा ऑइल ढकललं जातं, आणि हा पार्ट महागही नसतो, तरी लोक मेन सीलचं काम काढून बसतात!

ग्रेड (ऑइल किती पातळ-जाड ते सांगणारा आकडा) म्हणाल तर या इंजिनाला एकदम ५डब्ल्यू-३० वर उडी नको, मॅन्युअलमधल्या तक्त्यात बसत असेल तर १०डब्ल्यू-४० घ्या. बजेट नसेल तर मिनरल वेळेवर बदलत राहिलात तरी गाडीवर अन्याय होत नाही.

प्रश्न : स्विफ्ट डिझेल २०१२, रनिंग १ लाख ८० हजार. पहिल्यापासून ५डब्ल्यू-३० सिंथेटिक आहे. आता गॅरेजवाला म्हणतो इंजिन जुनं झालं, २०डब्ल्यू-५० जाड ऑइल टाकू, आवाज कमी होईल. टाकू का? (जळगाव)

नको. अजिबात नको. आवाज कमी होईलही थोडा, पण या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला टायमिंग चेन आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, वर टर्बो आहे ज्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. सकाळी सेल्फ मारल्यावर ऑइल तिथे पोचायला जितका उशीर तितकी झीज. वीसचं ऑइल थंडीत पाचच्यापेक्षा खूप सावकाश सरकतं, आणि जळगावात उन्हाळा भाजून काढत असला तरी डिसेंबरची पहाट गार असतेच की. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला आणि नंतरचा इंजिन तापल्यावरचा, एवढं लक्षात ठेवा. रनिंग जास्त आहे, उन्हाळ्यात लांब पल्ला करता आणि ऑइल थोडं कमी होतंय असं असेल तर ५डब्ल्यू-४० पर्यंत जाता येईल, डब्यावरचं डिझेलचं एपीआय किंवा एसीईए रेटिंग (ऑइलच्या दर्जाची खूण) मॅन्युअलशी जुळवून. आणि स्टार्टला चेनचा खडखड आवाज येत असेल तर तो ऑइलने झाकू नका, चेन तपासून घ्या, तुटली तर हेडचं काम निघतं.

डिझेलमध्ये नवीन ऑइल चार दिवसांत काळं होतं म्हणून घाबरू नका, ती काजळी आहे, ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे.

प्रश्न : सँट्रो दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाते, निळा धूर मारते. सिंथेटिकने थांबेल का? (डोंबिवली)

नाही थांबणार, उलट महागडं ऑइल जाळाल. आधी धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर भसकन येतो आणि मग बंद होतो, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, ते काम आटोक्यातलं आहे. चढावर किंवा पिकअप घेताना सतत येतो तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, मग कॉम्प्रेशन चेक करून घ्या आणि त्यानंतरच इंजिन खोलायचं की नाही ठरवा. तोवर मॅन्युअलमध्ये चालतं त्यातलं जाड ग्रेडचं साधं ऑइल टाका आणि दर आठवड्याला डिपस्टिक बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. धूर मारून इंजिन लगेच मरत नाही, ऑइल संपलेलं न कळल्याने मरतं.

प्रश्न : घाटात ऑइलचा दिवा लागला, टपरीवर मिळालं ते मिनरल वरून टाकलं, आत सिंथेटिक होतं. इंजिन खराब होईल का? (कोल्हापूर)

नाही. दोन्ही एकमेकांत मिसळतात, दही-बिही होत नाही. योग्य केलंत, दिवा लागल्यावर तसंच चालवणं हाच खरा धोका होता. फक्त सिंथेटिकचा जास्त किलोमीटरचा हिशोब आता धरू नका, पुढचा बदल लवकर करा आणि ऑइल मुळात कमी का झालं ते शोधा.

प्रश्न : वडिलांची ऑल्टो, वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर, बाजार आणि दवाखाना. सिंथेटिक दहा हजार चालतं म्हणतात, मग पाच वर्षं बघायला नको ना? पावसाळ्यात झाकणाखाली पांढरी मलई दिसली. (रत्नागिरी)

पाच वर्षं? नाही हो, दरवर्षी बदला. दीड किलोमीटर जाऊन गाडी बंद होते तेव्हा इंजिन पुरतं तापतच नाही, आत जमलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. ती मलई त्याच पाण्याची. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला फिरवून आणा, जाईल. पण डिपस्टिकवरही तसंच दुधाळ दिसलं किंवा कूलंट कमी होत असेल तर चालवू नका, हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) तपासा. वडिलांची दवाखान्याची गाडी आहे, वाटेत बंद पडलेली परवडणार नाही, तेव्हा एवढं एक काम याच आठवड्यात करून टाका.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनी रिस्टोअर केलीय, तिला सर्वात भारी सिंथेटिक ५डब्ल्यू-३० टाकावं असं वाटतं. (पुणे)

प्रेम समजतं, पण तिला ते मानवणार नाही. या इंजिनात फ्लॅट टॅपेट आहेत, कॅम त्यांच्यावर घासत फिरतो आणि तिथे झिंक-फॉस्फरसवालं झेडडीडीपी हे झीज रोखणारं रसायन लागतं. नव्या पातळ पेट्रोल ऑइलमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला फॉस्फरसवर मर्यादा घातलीय, २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडना ती लागू नाही. तेव्हा चांगलं २०डब्ल्यू-५० मिनरल घ्या, तीन हजारला बदला. वाचलेल्या पैशात रेडिएटर साफ करून घ्या आणि होस पाइप बदला.