बँकॉकमध्ये एकट्याने फिरताना रस्त्यावरचे पदार्थ कसे खावेत?

चार दिवस एकट्याने बँकॉकला जाताना रस्त्यावरचे खावे का, पोट बिघडण्याची भीती कितपत खरी आहे, शाकाहारी माणसाचे तिथे कसे होते आणि एकटे बसून खाताना अवघडल्यासारखे वाटते का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण जाण्यापूर्वी मलाही तीच धास्ती होती. बँकॉकच्या फुटपाथवर एकट्याने जेवणे ही रोजची बाब आहे. कामावरून सुटलेली माणसे प्लास्टिकच्या स्टुलावर बसतात, वाडगाभर नूडल्स संपवतात आणि उठून जातात; गर्दी असेल तर तुम्हाला एखाद्या अनोळखी माणसासमोर बसवले जाते आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही.

एकट्याची खरी अडचण पोटाच्या मापाची असते. चौघे असले तर सहा पदार्थ वाटून खाता येतात, एकट्याचे दोन पदार्थांतच पोट भरते. म्हणून मी एका गाडीवर एकच पदार्थ घ्यायचो आणि पुढच्या गाडीपर्यंत भरपूर चालायचो. यासाठी याओवारात हा चिनी वस्तीचा रस्ता सोयीचा आहे. २०१९ मध्ये वात मंगकोन हे मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून तिथे पोहोचणेही सोपे झाले आहे. मात्र दिवे लागल्यानंतरच जावे, कारण बहुतेक गाड्या संध्याकाळीच लागतात.

पोटाच्या बाबतीत माझा नियम साधा होता: जिथे एक-दोनच पदार्थ होतात, ते डोळ्यांदेखत आचेवरून उतरतात आणि स्थानिक गिऱ्हाईक सतत येत असते, अशाच गाडीवर खायचे, आणि त्याआधी दहा मिनिटे बाजूला उभे राहून नुसते पाहायचे. पेयांतला मधोमध भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातून येतो, त्याची मी फारशी चिंता केली नाही. शिजवून उघड्यावर ठेवलेल्या, गार झालेल्या पदार्थांच्या वाटेला मात्र गेलो नाही.

शाकाहाराबाबत अधिक सावध राहावे लागते. कच्च्या पपईची कोशिंबीर समजून मी सोमताम मागवले आणि दुसऱ्याच घासाला दाताखाली सोडे आले. मी मासे खातो, त्यामुळे मला ते आवडलेच, पण शाकाहारी माणसाची पंचाईत झाली असती. शिवाय माशांपासून केलेला नाम प्ला हा खारट रस तिथल्या निम्म्याअधिक पदार्थांत असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'जे' हा शब्द वापरावा. पिवळ्या पताकेवर लाल रंगात लिहिलेली त्याची थाई अक्षरे इंग्रजी अंकांतल्या सतरासारखी दिसतात. या खाण्यात मांस, मासे, अंडी आणि दूध तर नसतेच, कांदा-लसूणही वर्ज्य असतो.

मला सर्वांत आवडलेला पदार्थ मात्र याहून साधा निघाला. खनोम क्रोक करणाऱ्या बाईंच्या पुढ्यात चक्क आपल्या आप्पेपात्राचा मोठा भाऊ होता. तांदळाच्या पिठाचे पातळ मिश्रण खळग्यांत ओतायचे, कडा धरू लागल्या की वरून नारळाचे गोडसर-खारट दाट दूध घालायचे आणि दोन अर्धगोल एकमेकांवर उपडे करून द्यायचे. वरून कुठे कांद्याची पात असते, कुठे मक्याचे दाणे. बाहेरून कुरकुरीत आणि आत जवळजवळ खिरीसारखा असा हा आप्पा तोंड भाजून घेण्याच्या लायकीचा आहे, आणि मी तो रोज तसाच खाल्ला.

तिखट झेपत नसेल तर 'माय फेत' म्हणावे, तरीही थोडे तिखट येईलच. भाताच्या पदार्थांना चमचा आणि काटा मिळतो. चमच्याने खायचे, काटा फक्त घास चमच्यावर लोटण्यासाठी असतो. स्टुलावर बसून खाल्ल्यास पैसे बहुधा उठताना द्यायचे असतात. गाडीवर हजार बाथची नोट पुढे करू नये. ती सकाळीच एखाद्या सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोडावी आणि वीस, पन्नास, शंभरच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात.