कादंबरीकार ‘संगीतकार’ कसा होईल?

प्रश्न असा आहे: एखादा लेखक कादंबऱ्याही लिहितो आणि संगीत नाटकेही. त्याच्या परिचयात ‘कादंबरीकार व संगीतकार’ असे छापले तर चालेल का?

मुळीच नाही. हा घोळ कार्यक्रमपत्रिकांत आणि सूत्रसंचालकांच्या तोंडी सतत भेटतो आणि दर वेळी चीड येते. संगीतकार म्हणजे चाली बांधणारा. ‘मानापमान’चे (१९११) नाटककार खाडिलकर, संगीत गोविंदराव टेंब्यांचे. जुन्या नाटकांच्या छापील प्रती उघडा: पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचा मुखडा दिलेला असतो. पद नाटककाराचे, चाल आधीचीच. मामा वरेरकरांनी १९०८ मध्ये ‘कुंजविहारी’ हे संगीत नाटक दिले, पुढे ‘विधवाकुमारी’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून त्यांना कोणी संगीतकार म्हटले नाही. ‘संगीतनाटककार’ असे जोडून लिहा. तोडून लिहिले की नाटककारच गातो असे वाटते.

पण खरी गंमत ‘कादंबरी’त आहे. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या ‘कादंबरी’ या संस्कृत कथेची नायिका कादंबरी. तिचे विशेषनाम मराठीने आणि कन्नडने सबंध साहित्यप्रकारालाच देऊन टाकले. हिंदी-बंगाली ‘उपन्यास’वर गेल्या, गुजराती ‘नवलकथे’वर. कादंबरी म्हणजे मद्यही. तेवढ्यावरून ‘वाचताना नशा चढते म्हणून कादंबरी’ असे ठासून सांगणारे विद्वान आहेत. त्यांनी मूळ ग्रंथ उघडलेला दिसत नाही. मद्यावरचा श्लेष जुना आहे, बाणाचा अपुरा ग्रंथ पुरा करणाऱ्या त्याच्या मुलानेच तो केला. पण मराठीत नाव आले ते ग्रंथावरून, बुधल्यातून नव्हे.

आणि ही कादंबरी कोण? आईचे नाव मदिरा, हे सगळे सांगतात. बाप चित्ररथ, गंधर्वांचा राजा, हे कोणी सांगत नाही! गंधर्व म्हणजे स्वर्गातले गवई. म्हणजे आपल्या कादंबरीचे माहेरच गाणाऱ्यांचे. मराठी रंगभूमीचे लाडके गायकनट ‘बालगंधर्व’, ‘सवाई गंधर्व’ म्हणून ओळखले गेले, तेही त्याच कुळातले. माझे तर ठाम मत आहे की कादंबरीकार संगीत नाटकाकडे वळला की ‘प्रांत बदलला’ म्हणणे शब्दाच्या दृष्टीने चूक. ‘कादंबरी माहेरी गेली’ म्हणा.