अझरुद्दीनवरची बंदी न्यायालयाने रद्द केली, म्हणजे तो निर्दोष ठरला का?

आपण विचारले आहे की, भारताचा माजी कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन याच्यावर मॅच फिक्सिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन सामने ठरवण्याच्या आरोपावरून घातलेली आजन्म बंदी उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली असताना लोक अजूनही त्याच्याकडे संशयाने का पाहतात, आणि त्याला निर्दोष मानून त्याची गणना थोर फलंदाजांत करायला काय हरकत आहे. मी वकील नाही आणि पत्रकारही नाही. शाळेत असल्यापासून अझरची फलंदाजी जीव लावून पाहिलेला पुण्यातला एक प्रेक्षक आहे, आणि या प्रकरणाबद्दल २००० सालापासून जे छापून येत गेले ते शक्य तितके बारकाईने वाचत आलो आहे. माझे मत आधीच सांगतो. ती बंदी कायद्यात टिकणारी नव्हती, असे न्यायालयाने ठरवले; पण साक्षीदारांना समोर उभे करून, त्यांची उलटतपासणी घेऊन मूळ आरोपांची तड लावण्याचे काम आपल्याकडे कधी झालेच नाही. अन्याय झाला तो तिथे, अझरवरही आणि त्याच्यासाठी रात्री जागवणाऱ्या आपल्यासारख्यांवरही.

कारकीर्द किती मोठी होती, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. ३१ डिसेंबर १९८४ रोजी कोलकात्यात इंग्लंडविरुद्ध सुरू झालेल्या कसोटीत त्याने पदार्पण केले आणि ११० धावा काढल्या; पुढे चेन्नईत १०५ आणि कानपूरमध्ये १२२. पहिल्या तिन्ही कसोटींत शतक हा विक्रम आजही त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. १९९० मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या गूचने ३३३ धावा काढल्या, त्याच सामन्यात अझरने १२१ धावांच्या खेळीत शतक ८७ चेंडूंत पूर्ण केले. जानेवारी १९९७ मध्ये केपटाउनला ५ बाद ५८ अशी दैना झाली असताना त्याने आणि सचिनने २२२ धावांची भागी केली, ती ज्यांनी पाहिली त्यांना वेगळे सांगायला नको. ९९ कसोटी, ६२१५ धावा, २२ शतके. ३३४ एकदिवसीय सामने, ९३७८ धावा. आणि १९९२, १९९६ व १९९९ अशा तीन विश्वचषकांत भारताचे नेतृत्व.

मी त्याला मैदानावर पाहिले ते नोव्हेंबर १९९५ मध्ये, स्वारगेटजवळच्या आपल्या नेहरू स्टेडियमवर, न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात. मामाने तिकिटे मिळवली होती आणि आम्ही सकाळपासून उन्हात तापलेल्या सिमेंटच्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसलो होतो. त्या दिवशी ख्रिस केर्न्सने शतक ठोकले आणि तरीही सामना भारताने जिंकला, पण माझ्या डोळ्यांसमोर आजही उभे राहते ते अझरचे क्षेत्ररक्षण. शर्टाची कॉलर वर केलेली, गळ्यातला ताईत धावताना बाहेर येऊन हिंदकळणारा, आणि चेंडू उचलल्यावर कंबर सरळ न करताच, वाकल्या वाकल्या नुसत्या मनगटाने केलेली ती फेक. हात मागे नेलेला दिसतच नसे. मामा म्हणाला होता, ‘‘तू चेंडूकडे बघू नकोस, त्याच्या मनगटाकडे बघ.’’ पुढची पाच वर्षे मी तेच करत होतो.

आता प्रकरणाकडे येतो. १९९७ मध्ये माजी कसोटीपटू मनोज प्रभाकरने फिक्सिंगचे जाहीर आरोप केल्यानंतर भारतीय क्रिकेट मंडळाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे चौकशी सोपवली. चंद्रचूड पुण्यात जन्मलेले आणि इथल्याच लॉ कॉलेजात शिकलेले, त्यामुळे आमच्याकडे त्या चौकशीवर फार भरवसा ठेवला गेला होता. भारतीय खेळाडूंविरुद्ध काही सापडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि मला तो ऐकून अगदी मनापासून हायसे वाटले होते. पण ती मंडळाने नेमलेली एकसदस्य चौकशी होती. फोनची यादी मागवणे, झडती घेणे, बुकींना, म्हणजे सट्टा घेणाऱ्यांना, समोर आणून बसवणे हे पोलिसी अधिकार तिच्याजवळ नव्हते, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही.

७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि बुकी संजीव चावला यांच्यातील फिक्सिंगबद्दलचे दूरध्वनी संभाषण उघड केले. क्रोनिएने आधी साफ नाकारले आणि चारच दिवसांनी कबुली दिली. त्या जूनमध्ये केपटाउनला न्यायमूर्ती किंग यांच्या चौकशी आयोगासमोर त्याने जे सांगितले त्यात अझरचे नाव आले: डिसेंबर १९९६ मध्ये कानपूर कसोटीच्या वेळी अझरनेच आपली मुकेश गुप्ता या बुकीशी ओळख करून दिली, आणि त्या गुप्ताकडून आपण सुमारे ३० हजार डॉलर घेतले, असे त्याचे म्हणणे होते. अझरने हे नाकारले. याच कानपूर कसोटीत अझरने नाबाद १६३ धावांची खेळी केली होती आणि भारताने सामना २८० धावांनी जिंकला होता. ती बातमी वाचल्यावर मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो होतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल, एकाच आठवड्याबद्दल होत्या.

पाठोपाठ ऑक्टोबर अखेर सीबीआयचा अहवाल आला. अझरने बुकींकडून पैसे घेतल्याचे चौकशीत मान्य केले, असे त्यात नमूद होते. आपण अशी कबुली दिलीच नाही, असे अझर पुढे सांगत राहिला. मंडळाने माजी सीबीआय अधिकारी के. माधवन यांच्याकडून आणखी चौकशी करून घेतली आणि ५ डिसेंबर २००० रोजी अझर व अजय शर्मा यांच्यावर आजन्म, तर अजय जडेजा आणि प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. अझरने बंदीला हैदराबादच्या दिवाणी न्यायालयात आव्हान दिले, तिथे तो हरला, आणि अखेर ८ नोव्हेंबर २०१२ रोजी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली. तोवर तो ४९ वर्षांचा झाला होता आणि शंभरावी कसोटी राहून गेली ती गेलीच.

आपला प्रश्न इथे येऊन अडतो, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो. सीबीआयने अहवाल दिला, पण अझरवर फौजदारी खटला चाललाच नाही. सामना ठरवून हरणे किंवा पैसे घेऊन बुकीला संघाची माहिती देणे, हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नव्हता. जुगारबंदीचा कायदा १८६७ सालचा. फसवणुकीचे कलम लावायचे तर कोणाची, किती आणि कशी फसवणूक झाली हे दाखवावे लागते, आणि तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाची फसवणूक त्या कलमाच्या व्याख्येत बसवणे अवघड जाते. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तिथल्या स्थानिक लीगच्या प्रकरणात फिक्सिंग हा फसवणुकीचा गुन्हा होत नाही, असेच म्हटले. शिवाय पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नव्हती. मारहाण करून कबुल्या घेतल्या जाऊ नयेत म्हणून केलेला तो नियम आहे आणि तो योग्यच आहे. परंतु याचा परिणाम असा की ज्या कागदावर सारा देश बोलत होता, तो कागद न्यायालयात एकट्याने उभा राहू शकला नसता. तो खरा होता की खोटा, हे ठरवण्याची जागाच उरली नाही.

हे मी नुसते कायद्याचे म्हणून सांगत नाही. त्याच नेहरू स्टेडियमवर शतक ठोकणाऱ्या केर्न्सच्या वाट्याला पुढे असेच आरोप आले, आणि त्याचे काय झाले हे शेजारी ठेवून पाहा. २०१० मध्ये आयपीएलचे तेव्हाचे प्रमुख ललित मोदींनी ट्विटरवर त्याच्यावर फिक्सिंगचा आरोप केला, केर्न्सने लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावून २०१२ मध्ये तो जिंकला, आणि मग त्या दाव्यात शपथेवर खोटे बोलल्याचा खटला त्याच्यावरच उभा राहिला. २०१५ मध्ये त्याचेच जुने सहकारी, लू व्हिन्सेंट आणि ब्रेंडन मॅक्युलम, ज्युरीसमोर त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहिले. त्यांची उलटतपासणी झाली, केर्न्सही पिंजऱ्यात उभा राहिला, आणि ३० नोव्हेंबर रोजी ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. त्या काळात तो ऑकलंडमध्ये बसथांबे धुण्याचे काम करून घर चालवत होता. त्याचे हाल कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत. पण आज त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्याला निदान ‘‘बारा माणसांनी सगळे ऐकून घेतले आहे’’ असे उत्तर देता येते. अझरच्या चाहत्याजवळ असे उत्तर नाही. त्याच्यावर आरोप करणाऱ्यांजवळही नाही.

आणि तड न लागलेला संशय एका माणसापुरता राहत नाही. १३ मार्च १९९६ च्या ईडन गार्डन्सवरच्या उपांत्य सामन्याचे उदाहरण घ्या. अझरने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले, भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२० वर कोसळला आणि प्रेक्षकांच्या गोंधळात सामना श्रीलंकेला बहाल झाला. पुढे त्या निर्णयावर जाहीर शंका घेतल्या गेल्या. मला मात्र तो निर्णय तेव्हाही समजण्यासारखा वाटला होता आणि आजही वाटतो, कारण अकराच दिवस आधी दिल्लीत श्रीलंकेने आपल्याविरुद्ध २७२ धावांचे लक्ष्य सहज गाठले होते आणि त्यांच्यापुढे लक्ष्य ठेवायला कोणताही कर्णधार कचरला असता. खेळपट्टी ओळखण्यात चूक झाली, इतकेच. पण आमच्या सोसायटीत आजही त्या सामन्याचा विषय निघाला की कोणीतरी ‘‘सेटिंग होतं ते’’ म्हणतो आणि बोलणे तिथेच संपते. क्रिकेटमधली साधी चूक ही चूक म्हणून पाहण्याची आमची सवय २००० साली गेली.

तेव्हा, त्याला निर्दोष म्हणावे का? कायद्याच्या दृष्टीने होय: त्याच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही, बंदी रद्द झाली आहे, आणि त्याला ‘फिक्सर’ म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही. २००९ मध्ये मुरादाबादच्या मतदारांनी त्याला लोकसभेवर पाठवले आणि २०१९ मध्ये हैदराबाद क्रिकेट संघटनेने अध्यक्ष केले, हेही आपण लक्षात घ्यावे. थोर फलंदाजांत त्याची गणना करायला माझी हरकत नाही. पण संशय घेणाऱ्याला मी मूर्ख किंवा द्वेष्टा म्हणणार नाही, कारण अहवाल आहे, क्रोनिएची साक्ष आहे, आणि दोन्हींची शहानिशा झालेली नाही.

मार्च २००० मध्ये बंगळूरला त्याने शेवटच्या कसोटीत १०२ धावा काढल्या, आणि तो डाव डावाने हरलेल्या सामन्यातला असूनही मी तो आजही पुन्हा पुन्हा पाहतो. केपटाउनचा ११५ धावांचा डाव मुलीला बसवून दाखवला आणि मामाने मला सांगितले होते तेच तिला सांगितले. कानपूरची १६३ धावांची खेळी मात्र २००० नंतर मी एकदाही पाहिलेली नाही.