आजीला दोन तास खिडकीशी बसवा

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञानला आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंगला तिला ए ग्रेड होती. दोन वर्षांपासून ती फोटो बघून पेन्सिलने चेहरे काढून देते. ओळखीतली जोडपी, बारशाची बाळं, असं. एका चित्राचे आठशे ते दीड हजार घेते. आता म्हणते, रीतसर शिकून पोर्ट्रेट करणारी चित्रकार व्हायचं, लोकांच्या घरची तैलचित्रं करायची. हे पतसंस्थेत आहेत. संस्थेने संस्थापकांचं तैलचित्र करून घेतलं तेव्हा साठ हजार मोजले होते, तो आकडा तिच्या डोक्यात बसलाय. धाकटे दीर म्हणतात, आता मोबाइल मिनिटात असं चित्र काढतो, पैसे कोण देणार? ह्यांचं म्हणणं, आधी बी.एस्सी. कर, चित्रं सुट्टीत काढ. तिचा हात चांगला आहे हे मला दिसतं, पण पोट भरेल का? — एक आई, कराड

ताई, नमस्कार.

तुमच्या दिरांचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि ते नेमकं तुमच्या मुलीच्या आजच्या कामाला लागू पडतं. फोटो समोर ठेवायचा आणि तो हुबेहूब कागदावर उतरवायचा, हे काम यंत्राने घेतलंय. तिला वाईट वाटेल, पण सांगून टाका. पूर्वी फोटो स्टुडिओत काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरणारी माणसं असायची. त्यांचे हात कच्चे नव्हते. रंगीत फिल्म स्वस्त झाली आणि ती माणसं दिसेनाशी झाली. दीड हजारवाल्या पेन्सिल चित्रांचं तेच होणार, कदाचित तुम्ही हे वाचताय तोवर गिऱ्हाईक कमी झालंही असेल.

घरच्या तैलचित्राचं काम मात्र वेगळं आहे. ते कसं चालतं हे नुसतं लिहून कळणार नाही, म्हणून तुमचं पत्र आल्यावर मी कोल्हापुरातल्या एका परिचित चित्रकारांच्या स्टुडिओत दिवसभर जाऊन बसलो. पंचवीस वर्षं ते ऑर्डरची पोर्ट्रेट करतात. नाव लिहू नका म्हणाले, ‘लोक भाव विचारायला फोन करतात.’

स्टुडिओ म्हणजे घराच्या मागची पत्र्याची खोली. उत्तरेकडच्या भिंतीत एकच मोठी खिडकी. उत्तरेकडूनच का, तर तिकडून ऊन सहसा थेट आत येत नाही, त्यामुळे समोर बसलेल्याच्या नाकाची सावली सकाळी असते तिथेच दुपारीही राहते. खोलीत टर्पेंटाइनचा वास. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर आरसा. मधेच वळून ते चित्र त्या आरशात बघतात, कारण उलटं दिसलं की वाकडा गेलेला डोळा लगेच पकडता येतो.

ईझलवर (चित्राच्या घोडीवर) चार बाय तीन फुटांचं एक कुटुंब होतं. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्यासाठी मुलांनी ऑर्डर दिलेली. आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, एक नात आणि आजी. आजींना जाऊन आठ वर्षं झाली. त्यांचा धड म्हणावा असा फोटो एकच, आधार कार्डावरचा.

आता अडचण बघा. बाकी सगळ्यांना चित्रकारांनी स्वतः खिडकीशी बसवून फोटो घेतलेत, काहींचे प्रत्यक्ष समोर बसवून रंगीत अभ्यासचित्रं केलीत. उजेड सगळ्यांवर डावीकडून पडलाय. आधारवरच्या आजींच्या चेहऱ्यावर उजेड समोरून, सपाट. नाकाखाली सावली नाही, गालाचं हाड दिसत नाही. तोच चेहरा तसाच उचलून ठेवला तर सहा माणसांच्या मधे एक पोस्टर चिकटवल्यासारखं दिसेल. म्हणून त्यांनी काय केलं, तर आजींच्या धाकट्या बहिणीला गारगोटीहून बोलावून घेतलं, तासभर खिडकीशी बसवलं आणि त्या घराण्याच्या गालाच्या हाडाखाली सावली कशी पडते ते रंगवून ठेवलं. नऊवारीच्या निऱ्या आणि मांडीवरचे हात यासाठी शेजारच्या काकू बसल्या. चित्रातल्या आजी अशा तीन बायकांच्या मिळून झाल्यात. घरच्यांना हे माहीत आहे, आणि तरीही त्या आजीच दिसतात.

अकराच्या सुमाराला थोरल्या सूनबाई बघायला आल्या. सगळं बघून झाल्यावर हळूच म्हणाल्या, ‘मला जरा उजळ करता येईल का?’ चित्रकारांनी वाद घातला नाही. त्यांना खिडकीशी उभं केलं, हातात आरसा दिला आणि म्हणाले, ‘वहिनी, एवढा उजेड फक्त तुमच्यावर पडला तर सासूबाई अंधारात बसल्यासारख्या दिसतील.’ त्या हसल्या, विषय संपला. त्या गेल्यावर ब्रश पुसता पुसता हे मला म्हणाले, ‘आठवड्यात एक तरी.’

दुपारी एक फोन आला. चार महिन्यांपूर्वी दिलेल्या चित्रातल्या जावयाला काढून टाकता येईल का? घटस्फोट चाललाय म्हणे. ‘येईल, त्या जागी पडदा येईल. सात हजार.’ फोन ठेवला आणि पुन्हा आजींच्या कानाकडे वळले. मी हसत होतो, ते नाही.

ताई, तुमच्या मुलीचा हात चांगला आहे हे मी मानून चालतो. पण या धंद्यात तिला रोज लागणार आहे ती ही गोष्ट. नाक तसं नाही, बाबा इतके थकलेले नव्हते, पैठणीचा काठ हिरवा हवा होता, हे सगळं ऐकून घ्यायचं, त्यातलं खरं कुठलं ते ओळखायचं आणि उरलेलं माणूस न दुखावता परतवायचं. मी स्वतः वाईट गिऱ्हाईक होतो. आई गेल्यावर आम्ही भावंडांनी तिचं तैलचित्र करायला दिलं आणि तीनदा परत पाठवलं. शेवटी त्या चित्रकाराने तिघांना एकत्र बसवून विचारलं, ‘तुम्हाला कितव्या वर्षीची आई हवी आहे?’ आमची तिघांची तीन उत्तरं. थोरल्याला चाळिशीतली, मला साठीतली, बहिणीला आजारपणाआधीची. आम्ही त्याच्या नाकाडोळ्यांना दोष देत होतो, आणि भांडण आमचं आमच्यात होतं. मोबाइलवर चित्र काढणारं यंत्र हा प्रश्न विचारत नाही, मागाल ते देतं. दिरांना एवढंच सांगा.

आता साठ हजारांचं. त्या आजोबांच्या चित्राचे नव्वद हजार ठरलेत. कॅनव्हास आणि रंग आठ हजार, फ्रेम अकरा, प्रवास आणि बसणाऱ्यांचं मानधन पाच. राहिले सहासष्ट. काम अडीच महिन्यांचं. तैलरंगाचा एक थर वाळेपर्यंत दुसरं चित्र हातात घेता येतं, म्हणून एका वेळी दोन-तीन कामं चालतात. पण वर्षात एवढी मोठी कामं त्यांच्याकडे सहाच्या वर येत नाहीत, बाकी एकेकट्यांचे चेहरे. दिवाळी ते अक्षय्यतृतीया हा हंगाम. पावसाळ्यात रंग वाळता वाळत नाही, कॅनव्हासला बुरशी धरते, खोलीत दिवसरात्र बल्ब लावून ठेवावा लागतो आणि ऑर्डरीही थंडावतात. पहिली सात वर्षं ते शाळेत चित्रकला शिकवत होते आणि पोर्ट्रेट संध्याकाळी. नोकरी सोडली तेव्हा पत्नीचा पगार घरात येत होता. हे त्यांनी आपणहून सांगितलं, तेही अगदी ठासून.

म्हणजे तुमच्या यजमानांची भीती खोटी नाही. फक्त त्यांचा उपाय मला पटत नाही. बी.एस्सी. करून सुट्टीत चित्रं, याने चेहरा येत नाही. अठरा ते बावीस या वयात रोज समोर जिवंत माणूस बसलेला हवा, आणि मागे उभं राहून ‘कपाळ लांबलं’ म्हणणारे सर हवेत. हेड स्टडी आणि लाइफ स्टडी (समोरच्या जिवंत माणसाचा चेहरा आणि पूर्ण शरीर काढण्याचा सराव) या गोष्टी एकटीने घरी फोटोवरून होत नाहीत. फोटोत सावली काळी होऊन बसते, तिच्यातला रंग दिसत नाही, आणि मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत तर नाक मोठं आणि कान आत गेलेले. पेन्सिलने फोटो उतरवणाऱ्या मुलांना ही खोड लागलेली असते, ती मोडायलाच पहिलं वर्ष जातं.

तेव्हा चार वर्षांचं बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स), विषय ड्रॉइंग अँड पेंटिंग. नातेवाइकांपैकी कोणी तरी ‘अप्लाइड आर्ट घे, नोकरी लागते’ म्हणेलच. जाहिरात, पुस्तकांची चित्रं, डिझाइन यात रस असेल तर तो कोर्स उत्तम, पण चेहराच रंगवायचा असेल तर तो वळसा आहे. प्रवेशासाठी राज्याची एमएएच-एएसी-सीईटी ही कला अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा असते. बारावी कुठल्याही शाखेची चालते, विज्ञान वाया गेलं असं मानू नका. परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (डिझाइन) आणि सामान्य ज्ञान असतं. स्मरणचित्रात तिची फोटोची सवय आडवी येईल, आतापासून रोज बाजारातून आल्यावर पाहिलेलं काढायला सांगा. तुम्हाला जवळ कोल्हापूर आहे, तिथे व्यक्तिचित्रणाची परंपरा आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासूनची. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय. मुंबईचं १८५७ साली सुरू झालेलं सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट आता अभिमत विद्यापीठ आहे, त्यामुळे तिथल्या प्रवेशाची सूचना वेगळी बघा.

त्याच्या जोडीला कलाशिक्षक पदविका करून ठेवावी असं माझं मत. ती मुलगी नाक मुरडेल. तिला म्हणावं, चित्रकार एम. व्ही. धुरंधर कोल्हापूरचे, १८९० मध्ये जे.जे.त शिकायला गेले आणि पुढे निवृत्तीपर्यंत तिथेच पगारावर शिकवत राहिले. चित्रं काही कमी झाली नाहीत. त्यांची आणि राजा रविवर्म्याची मूळ चित्रं बघायला तुम्हाला मुंबईला जायचीही गरज नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. यजमानांना बरोबर न्या. छापील चित्रावरून तैलरंगाचा अंदाज येत नाही, तो कॅनव्हाससमोर उभं राहूनच येतो.

कायद्याचं एक कलम तिला आजच माहीत असू दे, कारण बहुतेक चित्रकारांना ते पहिल्या भांडणाच्या वेळी कळतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, कोणी पैसे देऊन पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट करून घेणाऱ्याचा. चित्रकाराचा नाही. म्हणजे तिने रंगवलेलं चित्र स्वतःच्या जाहिरातीत वापरायचं असेल तर आधी लिहून घ्यायला हवं. त्या कोल्हापूरच्या चित्रकारांकडे एक साधा छापील कागद असतो. माप, माणसं किती, पैसे तीन हप्त्यांत (ठरताना, कच्चं रेखाटन पसंत झाल्यावर, चित्र नेताना), रेखाटन पसंत झाल्यानंतरच्या बदलाचे पैसे वेगळे, आणि चित्राचा फोटो वापरण्याची परवानगी. व्हार्निश (चित्रावरचा पारदर्शक लेप) मात्र सहा महिन्यांनी घरी येऊन. रंग आतून वाळायला तेवढा वेळ लागतो, त्यामुळे शेवटचा हप्ता व्हार्निशला बांधायचा नाही. नवखी मुलं तिथेच अडकतात.

पोट भरेल का, याचं उत्तर मी हो किंवा नाही असं देत नाही. शिकवण्याची जोड असेल आणि पहिली आठ-दहा वर्षं घरचे मागे उभे राहिले तर भरेल. मोठा पैसा होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

निर्णय घेण्याआधी एक करा. येत्या रविवारी सासूबाईंना (किंवा घरात जे वडील माणूस असेल त्यांना) खिडकीशी बसवा आणि मुलीला त्यांचा चेहरा समोर बघून काढायला सांगा. रंग असतील तर रंगात, नसतील तर कोळशाने. फोटो काढायचा नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. घरच्या माणसाला बसवण्यात कमीपणा नाही. सावळाराम हळदणकरांनी हातात दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र केलं, जे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ज्याला अजूनही लोक रविवर्म्याचं समजतात, त्यासाठी त्यांची मुलगीच तासन्‌तास उभी होती. वासुदेव कामतांना २००६ साली पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचं ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळालं ते पत्नीच्या व्यक्तिचित्राला.

दोन तास. आजी पेंगतील, मान कलेल, मधेच चहा मागतील, झाल्यावर म्हणतील ‘मी एवढी म्हातारी दिसते?’ तुम्ही चित्राकडे नाही, मुलीकडे बघा. ती चिडली का, आजीशी बोलत राहिली का, मान कलल्यावर पुसून नव्याने काढायला बसली का, आणि आजींच्या त्या प्रश्नावर तिने काय उत्तर दिलं. चित्र बिघडलेलं असलं तरी चालेल, ते बिघडणारच. हे सगळं मला लिहून कळवा, मग कॉलेजांचं बघू. खुर्ची पाठवाली घ्या, आणि पायांखाली पाट ठेवा.