रस्त्यात गाडी अडली, तर पेटीत काय हवं?

प्रश्न : रावेरहून केळी भरून उत्तरेकडे जातो. हत्यारांची पेटी जड झाली आहे, तरी ऐनवेळी हवं ते सापडत नाही. नेमकं काय ठेवू?

दादा, आधी चाक आणि गळती या दोन कामांची सोय करा. चाकासाठी 20 टनांचा बॉटल जॅक, तुमच्या नटाच्या मापाचा व्हील पाना, लांब टॉमी (पाना फिरवायचा लोखंडी दांडा) आणि हवा मोजायचा गेज. गळतीसाठी होजच्या क्लिपा, टेफ्लॉन टेप, बाइंडिंग वायर. जोडीला एक जादा फॅन बेल्ट, रिंग आणि फिक्स पाने, पकड, पेचकस आणि डोक्याला बांधायची बॅटरी. बल्ब 24 व्होल्टचेच घ्या. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा बसवा. तिथे वायरचा तुकडा जोडला की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि आग केबिनमध्ये शिरते. इंजिन खोलायची हत्यारं मात्र घरी ठेवा, ते काम गॅरेजचंच.

प्रश्न : कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे, भर पावसात, साइडपट्टीवर चाक बदलताना जॅक कलला. क्लीनर थोडक्यात वाचला. असं होऊ नये म्हणून काय करावं?

तो वाचला, हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात वरून घट्ट दिसते, पण भार पडला की जॅक आत रुतत जातो. म्हणून पेटीत दीड फूट लांब, दोन इंच जाड लाकडी फळी हवीच. बाभळीची चालेल. जमेल तर गाडी पक्क्या, सपाट जागेपर्यंत हळू न्या. टायर फाटला तर फाटू दे.

हँडब्रेकवर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांवरच असतो, आणि मागचं चाक उचललं की त्या बाजूची पकड गेलीच. त्यामुळे जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी गुटके लावा. घाटात दगड निसटतो, गुटका धरतो. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मगच उचला. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी स्टडवरची, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टवरची, खूण बघा. नट काढताना टॉमीला पाइप लावलात तर ठीक, पण घट्ट करताना नको, स्टड ताणला जातो. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा आणि 50 ते 100 किलोमीटरवर पुन्हा तपासा. ही शेवटची गोष्ट टाळल्यामुळे चाकं निखळतात.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरायचं नाही, क्लीनर तर अजिबात नाही. रिफ्लेक्टरचा त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा, पलीकडे ठेवला तर मागच्याला तो दिसेपर्यंत उशीर होतो. महामार्गावर मदतीसाठी 1033 लावा.

प्रश्न : पारोळ्याजवळ हवेचा पाइप फुटला आणि चाकं जाम झाली. गाडी हलवायची कशी?

चाकं जाम झाली, म्हणजे ब्रेकने आपलं काम केलं. हवा गेली की मागच्या चाकांजवळच्या ब्रेक चेंबरमधली (ब्रेक चालवणाऱ्या गोल डब्यातली) स्प्रिंग ब्रेक दाबून धरते. आधी पाइपच दुरुस्त करा : फुटलेला भाग सरळ कापून काढा आणि त्याच मापाचा जोड बसवा. 6, 8, 10, 12 मिलिमीटरचे जोड खिशात मावतात. हवा भरली की ब्रेक सुटतो. नाहीच जमलं तर चेंबरला दिलेला बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळता येते, पण गुटके लावल्याशिवाय नाही, कारण त्यानंतर गाडी धरायला काही उरत नाही. चेंबरची क्लॅम्प मात्र कधीच खोलू नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो.

प्रश्न : बीएस-6 गाडीत डिझेल संपलं, लाइनमध्ये हवा धरली. पूर्वीसारखे इंजेक्टरचे नट ढिले करून हवा काढू का?

नाही. जुन्या पंपाच्या गाड्यांत ते चालायचं. बीएस-6 गाडीत कॉमन रेल असते, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी एकच नळी, आणि तिच्यात दाब हजार बारच्याही वर जातो. फवारा कातडीतून आत शिरतो, आणि जखम लहान दिसली तरी तडक दवाखाना गाठावा लागतो. डिझेल भरा, फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, मगच स्टार्टर मारा, तोही एका दमात 10-15 सेकंदांपेक्षा जास्त नाही.