नळी काढल्यावर महिन्याभराने सुरू झालेली शिट्टी

तुमचे वडील १४ दिवस व्हेंटिलेटरवर होते, घरी येऊन सहा आठवडे झाले, आता जिना चढताना धाप लागते, श्वास घेताना शिट्टी वाजते आणि दम्याच्या पंपाने काडीचा फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी आयसीयूत २२ वर्षं सिस्टर होते. माझं म्हणणं एवढंच की पंप बदलत बसण्याआधी श्वासनलिका आतून बघून घ्या. दम्याची शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते. आत घेताना वाजत असेल, तर अडथळा वरच्या वाटेत असण्याची शक्यता जास्त.

घशातून घातलेल्या नळीच्या खालच्या टोकापाशी एक फुगा असतो, त्याला कफ म्हणतात. (नातेवाइकांना वाटायचं, आम्ही छातीतल्या कफाबद्दल बोलतोय!) हवा बाजूने निसटू नये म्हणून तो फुगवायचा, पण आतला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतकाच ठेवायचा. जास्त झाला की श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो, जखम होते, कधी खालची कूर्चाही झिजते. ती जखम भरताना आकसते आणि वाट अरुंद होते. म्हणून हे दुखणं दवाखान्यात कळत नाही, घरी गेल्यावर डोकं वर काढतं.

मी नोकरीला लागले तेव्हा दाब कफाला जोडलेला, नळीच्या बाहेरच्या टोकाचा छोटा फुगा चिमटीत धरून ‘बघायचे’. पुढे वॉर्डात मीटर आला आणि मी ‘ठीक आहे’ म्हटलेला कफ ६०च्या वर निघाला. तेव्हापासून बोटांवर विश्वास ठेवला नाही. अर्थात दर वेळी कुणाचा हलगर्जीपणाच असतो असं नाही. नळी बरेच दिवस राहिली, जाड होती, रक्तदाब पडलेला होता, तरीही असं होतं.

ईएनटी किंवा छातीच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात नळीचं सांगा, डिस्चार्ज कार्ड पुढे ठेवा. छातीचा एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. दुर्बिणीची तपासणी आणि मानेचा सीटी महत्त्वाचा. अरुंद भाग छोटा असेल तर फुग्याने किंवा लेझरने मोकळा करतात. पुन्हा पुन्हा आकसला तर तेवढा तुकडा कापून टोकं जोडतात.

बसल्याजागी आवाज येतोय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर वाट ५ मिलिमीटरच्या आसपास आलेली असू शकते, आणि तिथे एक चिकट बेडका अडकला तरी पुरे. मग ओपीडीच्या तारखेची वाट न बघता आज रात्रीच दुर्बिणीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.