‘अतिकोमल’ नव्हे, ‘औज’ निषाद

जस्ट इंटोनेशनमधल्या, म्हणजे स्वरांची अंतरे पूर्णांकांच्या साध्या गुणोत्तरांनी ठरवणाऱ्या पद्धतीतल्या, न्यूट्रल सेव्हन्थ कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या संघाताला) मराठीत ‘अतिकोमल निषादाचा स्वरसंघात’ म्हणता येईल का, असा प्रश्न आहे. मुळीच म्हणता येणार नाही. कोमलाच्याही खाली उतरतो तो अतिकोमल, जसा दरबारीतला गंधार. न्यूट्रल निषाद मात्र कोमलाच्या वर आणि शुद्धाच्या खाली असतो, तरीही हा चुकीचा शब्द वारंवार कानी पडतो. षड्ज 180 हर्ट्‌झवर धरला, तर 18 : 22 : 27 : 33 या प्रमाणातल्या संघातात गंधार 220, पंचम 270 आणि निषाद 330 वर येतो, कोमल निषाद 324 वर आणि शुद्ध निषाद 337.5 वर असतो. या निषादाचे 11/6 हे गुणोत्तर 11 या मूळसंख्येशिवाय जमत नाही, आणि 22 श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांच्या, प्रचलित तक्त्यातले अपूर्णांक तर 2, 3 व 5 यांतूनच घडलेले आहेत. तेव्हा ‘हे सगळे आमच्या श्रुतींत आधीपासूनच आहे’ असे ठासून सांगणाऱ्यांनी एकदा आकडेमोड करून पाहावी.

‘उदासीन निषाद’ सुचवणाऱ्यांनी रसायनशास्त्रातला ‘न्यूट्रल’चा प्रतिशब्द जसाच्या तसा उचलला आहे. गाण्याच्या संदर्भात तो शब्द खिन्नताच सुचवील.

खरा शब्द अरबी संगीतात तयार आहे. तिथे रास्त या मकामाच्या (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वरचौकट) सातव्या, नेमक्या याच मधल्या जागेवरच्या स्वराला ‘औज’ म्हणतात, आणि हा औज म्हणजे आपला ‘उच्च’! ग्रहगणितात मंदोच्च, शीघ्रोच्च या संज्ञांत येणारा संस्कृत ‘उच्च’ फारसीतून अरबीत गेला, ‘औज’ (ग्रहकक्षेतला सर्वांत दूरचा बिंदू) झाला आणि पुढे मध्ययुगीन लॅटिन ज्योतिषात ‘ऑक्स’ या रूपाने पोचला. ‘ओजस्’शी त्याचे नाते जोडणे ही निव्वळ ध्वनिसाम्याची भूल आहे. सप्तकाच्या माथ्याजवळचा स्वर म्हणूनच त्याला या बिंदूचे नाव मिळाले असावे, असे माझे ठाम मत आहे. अरबी परंपरा स्वरसंघातांची नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण इथे नाव हवे आहे ते स्वराला, आणि संघात ओळखला जाणार तो त्या स्वरावरूनच. म्हणून ‘औज निषादाचा संघात’ असे खुशाल लिहावे.